खिडकीखालचा डाग

आमच्या फोटोवाल्यांना माणसांचा कंटाळा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याचं पोट माणसांच्या तोंडांवर चालतं त्याने असं म्हणू नये, हे खरंच. पण तेहतीस वर्षं दिवसाला पंधरा-वीस माणसं स्टुलावर बसवून "हनुवटी खाली, खांदे सरळ, हसू नका" असं म्हणत राहिलं की कुणाचंही डोकं उठेल. दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, दोन पायऱ्या चढून. पुढे काउंटर, काउंटरच्या काचेखाली नमुन्याचे फोटो, त्यामागे निळा पडदा, स्टूल आणि दोन दिवे. पडद्याच्या मागे न्हाणीघराएवढी डार्करूम. भिंतीवरच्या आरशाशी एक कंगवा दोरीने बांधून ठेवलेला, कारण आधीचे सात कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून परस्पर निघून गेले होते.

पासपोर्टचा फोटो हातात घेऊन "हा मी वाटतच नाही," असं दिवसातून एक तरी माणूस म्हणायचा. फोटोवाले चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मग कोण वाटतं ते सांगा, त्यांना देतो."

या सगळ्यावर त्यांनी स्वतःपुरता एक उपाय शोधला होता. वर्षातून दोनदा, थंडीत एकदा आणि उन्हाळा तापायच्या आधी एकदा, चार दिवस दुकान बंद. शटरवर त्यांची बायको पुठ्ठा लटकवायची: "फोटोवाले वाळवंटात गेले आहेत. शुक्रवारी परत येतील." नव्या माणसाला ती थट्टा वाटायची. थट्टा नव्हती. जीपने पाच तास गेलं की रस्ता संपायचा, पुढे दोन तास नुसती वाळू आणि दगड, आणि मग एकदम गाव यायचं. तांब्याच्या खाणीसाठी वसवलेलं गाव. खाण बंद पडली, पाण्याची पाइपलाइन बंद झाली, आणि एका हंगामात दोनशे घरं उठली. राहिल्या त्या भिंती, काही दारं, शाळेचा फळा, एका घरात भिंतीवर लटकलेलं कॅलेंडर. वाळू सगळ्या घरांत हळूहळू शिरत होती.

तिथे फोटोवाले आपला मोठा कॅमेरा लावायचे. लाकडी पेटी, पुढे भाता, तीन पाय, डोक्यावर काळं कापड; बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस कसला तरी इलाज करतोय. त्यात एका वेळी एकच फिल्म बसते, तळहाताहून मोठी. अंधाऱ्या घरातला फोटो घ्यायचा तर भिंग अगदी बारीक उघडून पंधरा-पंधरा, वीस-वीस मिनिटं तसंच ठेवावं लागतं. उजेड थेंबाथेंबाने आत साठत जातो. या पद्धतीची गंमत अशी की तेवढ्या वेळात समोरून कुणी चालत गेलं तरी फोटोत येत नाही. जो थांबत नाही तो उमटत नाही. फोटोवाले भिंग उघडायचे, घड्याळ बघायचे आणि छोटा कॅमेरा गळ्यात अडकवून पुढच्या गल्ल्यांत निघून जायचे. वेळ भरत आली की परत.

त्यांचे नियम दोनच. पहिला, कशालाही हात लावायचा नाही. बाटली आडवी पडलेली असेल तर ती आडवीच राहील. दुसरा, फोटोत माणूस नको. या दुसऱ्या नियमाचा जाच एकाच माणसाला होता, तो म्हणजे मामांना.

मामा म्हणजे जीपचे ड्रायव्हर. अख्खं शहर त्यांना मामा म्हणायचं; त्यांची बायकोसुद्धा चारचौघांत मामाच म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उंच, हडकुळे, कायम एकाच जातीचा मातकट शर्ट. बोलणं इतकं कमी की बावीस वर्षांत फोटोवाल्यांशी त्यांचं जे काही बोलणं झालं ते एका पानावर मावलं असतं, आणि त्यातलं अर्धं टायरविषयी होतं. गावात पोचलं की फोटोवाले दर वेळी तेच सांगायचे, "मामा, तुम्ही जीपपाशी थांबा. मध्ये येऊ नका." मामा मान हलवायचे. कधी चुकून भिंतीवर त्यांची सावली पडलीच तर फोटोवाले काळ्या कापडातून ओरडायचे, "मामा, सावली!" आणि सावली निघून जायची.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना राजधानीच्या शहरातून संपादकबाईंचं पत्र आलं. तिथल्या एका प्रदर्शनात फोटोवाल्यांचे सहा फोटो लागले होते, ते बाईंनी पाहिले होते. त्यांना पुस्तक करायचं होतं. मोठं, जाड कागदाचं. नावही त्यांनी ठरवून टाकलं होतं: 'इथे कोणी नाही'.

फोटोवाल्यांनी ते पत्र दुकानात चार वेळा आणि घरी दोनदा वाचलं. बायकोला वाचून दाखवताना आवाज जरा कापला, तेव्हा त्यांनी घसा खाकरून धुळीला शिव्या घातल्या. एकसष्ट वर्षांचं वय. आपल्यामागे काय राहणार, याचा हिशेब त्यांनी बऱ्याचदा केला होता आणि उत्तर दर वेळी एकच यायचं: हजारो चौकोनी तुकडे, जे माणसं कुणालाही दाखवायला लाजतात. आता एक पुस्तक राहणार होतं. त्यांना ते पुस्तक हवं होतं. लहान मुलाला खेळणं हवं असतं तितकं उघड हवं होतं.

पत्रात अट एकच होती. 'आपण लिहिलंत की या फोटोंना कधीही हात लावलेला नाही. ते वाक्य आम्ही पहिल्याच पानावर छापणार आहोत. तेव्हा छापील फोटो नकोत, मूळ निगेटिव्ह पाठवा. महिनाअखेरपर्यंत.'

ते वाक्य प्रदर्शनाला फोटो पाठवताना त्यांनीच लिहिलं होतं, आणि लिहिताना त्यांना ते खरं वाटलंही होतं. पण निगेटिव्हचा डबा काढायला उठले आणि अर्ध्या वाटेतच थबकले.

कारण एका घराची भानगड होती. गावाच्या शेवटच्या गल्लीतलं, डाव्या हाताचं घर. तिथला उजेड त्यांना फार आवडायचा. पुढच्या दारातून कॅमेरा लावला की समोर मागची खिडकी, खिडकीखाली दगडी कट्टा, शेजारी मागचं दार, आणि जमिनीवर चार खळगे, जड टेबलाच्या पायांनी पडावेत तसे. बावीस वर्षांत त्या खोलीचे सतरा फोटो जमले होते. आणि जेव्हा जेव्हा त्यातला एखादा छापला, तेव्हा तेव्हा खिडकीखाली एक पांढुरका डाग आला होता. फोटोवाले दर वेळी चरफडत, कधी भात्याला, कधी उन्हाने तापलेल्या फिल्मला दोष देत, बारीक ब्रशने तिथे शाई भरून टाकायचे. भाता दोनदा बदलला. डाग भरण्यात त्यांचा हात इतका बसला होता की भिंग लावूनही कुणाला कळलं नसतं. हे म्हणजे फोटोला हात लावणं, असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती साफसफाई होती.

आता त्यांनी सतराच्या सतरा निगेटिव्ह दिव्याच्या काचेवर ओळीने मांडल्या. इतक्या वर्षांत त्या अशा शेजारी-शेजारी कधी ठेवल्याच नव्हत्या. प्रत्येकीत डाग होता. नुसता डाग नाही. एक उभा डाग, आणि त्याच्या उजवीकडे बशीएवढा गोल धूसरपणा. सतराही ठिकाणी तीच जोडी.

"छे," फोटोवाले मोठ्याने म्हणाले. मग दिवा बंद करून पुन्हा लावला. जोडी तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी ते निगेटिव्ह घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. हा त्यांचा जुना दोस्त. कॅमेरे, घड्याळं, रेडिओ, जे उघडता येईल ते सगळं दुरुस्त करायचा. त्याने कॅमेऱ्याचा भाता ताणून आत दिवा धरला, अंधारात बाहेरून बघितलं, परत दाबला. कुठे सुईएवढंही भोक नव्हतं. मग निगेटिव्ह एकेक करून खिडकीला धरल्या आणि पुन्हा पहिलीपासून बघितल्या.

"काय रे?" फोटोवाले म्हणाले.

"भात्याला भोक असतं तर डाग फिल्मच्या एकाच जागी आला असता ना?"

"हो."

"इथे तू कॅमेरा जरा डावीकडे लावलायस, तर डाग उजवीकडे गेलाय. इथे पुढे नेलायस, तर डाग मोठा झालाय. कट्टा जिथे, तिथे डाग." दुरुस्तीवाल्याने निगेटिव्ह पाकिटात घातल्या आणि पाकीट जरा लांबूनच पुढे सरकवलं. "हा डाग कॅमेऱ्यात नाही बाबा. खोलीत आहे."

फोटोवाले घरी कसे आले ते त्यांना आठवत नव्हतं. डोक्यात नुसता भुगा झाला होता. खोलीत काय असणार? खिडकीतलं ऊन म्हणावं, तर थंडीतलं ऊन वेगळीकडे पडतं आणि उन्हाळ्यातलं वेगळीकडे. भिंतीला ओल म्हणावी, तर त्या गावात पाणी म्हणून नाही. आणि डोळ्यांना तर तिथे कधी काहीच दिसलं नव्हतं. कॅमेरा लावताना कट्टा रिकामा, परत येताना रिकामा. मग आपले डोळेच दगा देतायत की काय, म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, या वयाला डोळे छान आहेत. एरवी या वाक्याने माणूस खूश होतो. फोटोवाल्यांचा चेहरा उतरला.

भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण त्या आठवड्यात भरदुपारी डार्करूममध्ये काम करताना त्यांना मागे कुणीतरी बसलंय असं वाटलं, आणि त्यांनी दचकून मोठा दिवा लावला. आख्खा रोल फुकट गेला. तीन गिऱ्हाइकांना पुन्हा बोलावून पुन्हा हनुवट्या खाली करायला लावल्या.

"तुमचं काय बिनसलंय?" बायकोने विचारलं. "आज दोनदा साखर घातलीत चहात, आणि तरी प्यायलात."

"काही नाही गं. पुस्तकाचं टेन्शन."

तिला सांगितलं असतं तर पुढचं पुष्कळ वाचलं असतं. पण सांगायचं काय? बावीस वर्षं डाग पुसत होतो आणि वर लिहून दिलं की हात लावला नाही? की जिथे कोणी नाही म्हणून मी धावत जातो, तिथे कोणीतरी आहे? एका बाजूने ते लबाड ठरत होते आणि दुसऱ्या बाजूने वेडे. सतरा फोटो वगळून बाकीचे पाठवावेत, असंही मनात आलं. पण तेच तर पुस्तकाचा जीव होते. प्रदर्शनातला बाईंना सगळ्यात आवडलेला फोटो त्याच खोलीचा होता. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

शेवटी त्यांनी ठरवलं, जायचं. कॅमेरा लावायचा आणि या वेळी भटकायला न जाता स्वतः बघायचं.

"या दिवसांत?" मामा म्हणाले. ऊन तापायला लागलं होतं.

"एकच फोटो. त्याच घराचा."

"कुठल्या घराचा?"

"शेवटच्या गल्लीतल्या. डाव्या हाताच्या."

मामांनी गियरवर हात ठेवला, बाहेर बघितलं आणि म्हणाले, "पाणी जास्त घेतो." एवढंच. फोटोवाले स्वतःच्याच गोंधळात होते. मामांच्या आवाजात काही वेगळं होतं का, हा प्रश्न त्यांना फार नंतर पडला.

रात्रीच निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कॅमेरा पुढच्या दारात उभा राहिला. खोली तशीच होती. खिडकी, कट्टा, चार खळगे, कोपऱ्यात वाळूचा ढीग. फोटोवाल्यांनी कट्ट्यापाशी जाऊन नीट बघितलं. दगड. इतर घरांतल्या कट्ट्यांवर बोटभर धूळ होती, या कट्ट्यावर मधोमध नव्हती. हे आपल्या आजपर्यंत लक्षात कसं आलं नाही, असं वाटून ते आणखीच गडबडले. भिंग उघडलं. घड्याळ बघितलं. नेहमीसारखे पायांचे आवाज करत गल्लीच्या टोकापर्यंत गेले, एका पडक्या भिंतीच्या सावलीत उभे राहिले, चार मिनिटं मोजली. मग चपला हातात घेऊन तापलेल्या वाळूवरून, पाय भाजत, ते परत आले आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले.

कट्ट्यावर मामा बसले होते.

टोपी मांडीवर, डोळे मिटलेले, पाठ खिडकीखालच्या भिंतीला टेकलेली. आणि उजवा हात हवेत एकसारखा गोल फिरत होता, सावकाश, जड काहीतरी फिरवावं तसा.

फोटोवाल्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच पाठोपाठ असा संताप आला की त्यांचा आवाज चिरकला. "मामा!"

मामा ताडकन उठले. टोपी खाली पडली. "चुकलं साहेब," ते म्हणाले. एवढा मोठा माणूस शाळेत पकडलेल्या पोरासारखा उभा राहिला. "मला वाटलं, तुम्ही लांब गेलात."

"दर वेळी? दर वेळी तुम्ही इथे येऊन बसता? बावीस वर्षं? मी भाता बदलला दोनदा! डोळे तपासून आलो! अहो, मला वेड लागायची पाळी आली, मामा! जीपपाशी सावली नव्हती का?"

"होती."

"मग?"

मामांनी टोपी उचलली, झटकली, पुन्हा झटकली. "हे घर आमचं आहे, साहेब."

फोटोवाल्यांना वाक्य ऐकू आलं, पण त्याचा अर्थ लागेना. "आमचं म्हणजे?"

"म्हणजे माझ्या आईचं. इथे टेबलावर तिचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन होतं." मामांनी जमिनीवरच्या चार खळग्यांकडे बोट दाखवलं. "खाणीतल्या माणसांचे कपडे शिवायची. जाड कॅनव्हास. दोन्ही हातांनी धरून पुढे सारावा लागायचा, मग चाक फिरवायला हात कुठला? मी कट्ट्यावर बसून चाक फिरवायचो. मोठा भाऊ खाणीत, धाकटी लहान, म्हणून मी. शाळेतून आलो की अंधार पडेपर्यंत. एकोणीस वर्षांचा होतो गाव उठलं तेव्हा."

फोटोवाले कॅमेऱ्याला वळसा घालून आत गेले आणि कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "मला सांगितलं का नाहीत कधी?"

"सांगणार होतो. पहिल्याच फेरीला." मामा शेजारी टेकले. "जीपमध्ये तुम्ही म्हणालात, मामा, मला असं गाव दाखवा जिथे कुणाचं काही राहिलेलं नाही. मी म्हटलं, चला. इथे आल्यावर तुम्ही दोनशे घरं सोडून सरळ आमच्याच घरात शिरलात. मी म्हटलं, आता सांगतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, 'वा! माणसाचा मागमूस नाही. किती बरं वाटतं!'"

फोटोवाल्यांनी डोकं हातांत धरलं.

"तुम्ही इतके खूश होतात," मामा म्हणाले, "मग कसं सांगायचं? आणि नंतर वाटलं, सांगितलं तर तुम्हाला हे घर चालायचं नाही. दुसरं शोधाल, नाहीतर दुसरा ड्रायव्हर. मला आपलं वर्षातून दोनदा घरी येऊन बसायला मिळत होतं."

"पण मला एकदा तरी..." फोटोवाले म्हणाले आणि थांबले. बावीस वर्षांत, जाताना सात तास आणि येताना सात तास हा माणूस हाताच्या अंतरावर बसला होता. 'मामा, तुम्ही मूळचे कुठले?' एवढा एक प्रश्न, जो माणूस बसमध्ये अनोळखी शेजाऱ्यालाही विचारतो, तो त्यांनी विचारला नव्हता. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

मामा मात्र त्या दिवशी बोलत राहिले. आई गुणगुणायची ते, कॅनव्हासचा वास, मागच्या दाराशी गिऱ्हाइकांची रांग, चाक जोरात फिरवलं की डोक्यात बसणारी टपली. फोटोवाले ऐकत होते. खूप वेळाने त्यांची नजर समोर गेली आणि ते किंचाळलेच, "मेलो! भिंग उघडंच आहे!"

घड्याळ बघितलं तर एक्कावन्न मिनिटं झाली होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. ती चहा गाळत होती. "मामा त्याच गावचे आहेत गं. शेवटचं घर त्यांचंच!"

"हो की," ती म्हणाली.

"हो की म्हणजे?"

"अहो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यांची आई इथे आल्यावर माझ्या माहेरचे पडदे शिवायची. 'शिवणवाल्या बाईंचा मधला' म्हणायचे मामांना तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला माहीत नसेल असं कसं वाटेल? त्यांच्याच बरोबर जाता ना दर वर्षी?" कप पुढे ठेवताना तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "प्या. साखर घातली आहे."

त्या रविवारी त्यांनी सतरा निगेटिव्ह पुन्हा छापल्या, या वेळी ब्रशला न शिवता, आणि दोरीवर वर्षांच्या क्रमाने लटकवल्या. पहिल्या फोटोतला डाग ताठ होता. सातव्या-आठव्यापर्यंत तो भिंतीला टेकला होता. मामांची पाठ धरली होती त्या वर्षीचा डाग एका बाजूला कलला होता, आणि पुढे तो कधी पुन्हा सरळ झाला नाही. अलीकडचे सगळे बुटके होते. बाजूचं गोल चाक मात्र सतराही फोटोंत तेवढंच. चव्वेचाळीस फेऱ्या ज्या माणसाबरोबर केल्या, तो त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारा होत गेला होता, आणि दर वेळी त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, मन लावून पुसून टाकलं होतं. मी इतकी वर्षं कशाचे फोटो काढत होतो, असं ते त्या ओल्या कागदांना विचारत उभे राहिले. ज्या गोष्टीचा एवढा अभिमान होता तीच आता हातात धरता येईना.

त्यांनी निगेटिव्ह जशा होत्या तशा पाठवल्या. एक्कावन्न मिनिटांवालीसुद्धा. सोबत डागाची सगळी हकिकत लिहिली, ब्रशचीही. 'पहिल्या पानावरचं वाक्य खोटं आहे, ते काढा. पुस्तक करायचं की नाही ते तुम्ही ठरवा,' असं लिहून सही केली.

आठ दिवस काही उत्तर नाही. फोटोवाले दर सकाळी पोस्टमनकडे असे बघायचे की तो पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागला. नवव्या दिवशी बाईंचा फोन आला.

"सर, पुस्तकाचं नाव 'इथे कोणी नाही' आहे," त्या म्हणाल्या. "आता ते कसं चालेल?"

"नाही चालणार," फोटोवाले म्हणाले. गेलं, असं त्यांना वाटलं.

"तर दुसरं सुचवा. आणि त्या घराच्या फोटोंखाली 'रिकामं घर' असं लिहून दिलं होतंत, तेही बदलायला हवं. काय लिहू?"

फोटोवाल्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "नाव तुम्ही बघा. मला आयुष्यभर नावं ठेवताच आली, देता आली नाहीत. फोटोखालचं मात्र विचारून सांगतो."

विचारायला ते जीपच्या स्टँडवर गेले. मामा बॉनेट उघडून आत वाकले होते. "नाव कशाला घालता माझं," ते आतूनच म्हणाले. "आईचं घर आहे. तिथे मला जे म्हणायचे ते लिहा."

पुस्तक निघालं तेव्हा त्याची एक प्रत काउंटरवर, दोरीच्या कंगव्याशेजारी राहिली. गिऱ्हाइकं पानं उलटायची, आणि फोटोवाले हनुवटी खाली करायला सांगण्याआधी आता विचारायचे, "तुम्ही मूळचे कुठले?" पुस्तकात सतरा फोटोंखाली एकच ओळ होती: 'शिवणवाल्या बाईंचं घर. खिडकीखाली त्यांचा मधला मुलगा.'

अठराव्या फोटोत खिडकी उजेडाने पांढरीफटक झाली होती आणि तिच्याखाली डाग एक नव्हता, दोन होते, शेजारी-शेजारी. त्याखालची ओळ फोटोवाल्यांनी स्वतः लिहून पाठवली होती: 'शिवणवाल्या बाईंचं घर. त्यांचा मधला मुलगा आणि एक पाहुणा.'